मशीनच्या पोटातली पंगत

कर्वेनगरात शकूच्या घरी जेवायला जाणं सोपं आहे, तिथून वेळेवर सुटणं अवघड. ही अफवा नव्हे. गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसाला विचारा. बिचारा बर्नर साफ करायला म्हणून आला आणि दोन पुरणपोळ्या, वर तुपाची धार आणि "माझी शपथ हाय तुम्हाला, एवढी अर्धी घ्याच" यातून कसाबसा बाहेर पडला. बर्नर तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी परत आला तो दारातूनच "आज उपास आहे" म्हणत आला. त्याला साबुदाण्याची खिचडी मिळाली.

वयानं साठी ओलांडली तरी सगळी भावकी तिला शकूच म्हणते, तर आपणही तेच म्हणू. माहेर खडकवासल्याच्या पलीकडचं. लग्न होऊन कर्वेनगरात आली तेव्हा इथं सोसायट्या नव्हत्या, मेथी-कोथिंबिरीचे वाफे होते. तिचे यजमान संपतराव पहाटे टेम्पोत जुड्या भरून मार्केट यार्डात न्यायचे. पुढं वाफ्यांवर इमारत उठली, वाट्याला दोन फ्लॅट आले, आणि जिथं मेथी उगवायची तिथल्या पार्किंगमध्ये बाकावर बसून संपतराव आता कुणाची गाडी कुणाच्या जागेत घुसली यावर डोळा ठेवतात. राखणीची सवय अशी सुटत नाही. शकूची वाढायची सवय तर त्याहून पक्की. भावकीत कुठंही लग्न निघालं की जिलबी वाढायला शकूच हवी. तिचं ताट येताना दिसलं की भले भले पैलवान पानावर आडवा हात धरायचे, आणि शकू हाताच्या फटीतून जिलबी सोडायची. शिवाय आईकडून आलेला तिचा एक कायदा होता: भरल्या ताटावरून उठायचं नाही. आग लागली तर? लागू दे, आधी ताक प्या.

एवढं सगळं असून शकूचं माहेर बारा-तेरा वर्षं अर्धं बंद पडलेलं होतं. म्हणजे ती जायची, संपतराव जायचे नाहीत. भांडण पैशाचं नव्हतं, जमिनीचंही नव्हतं. ते होतं फेट्याचं.

झालं असं, की शकूच्या धाकट्या भावानं, ज्ञानदेवानं, आपल्या शेफालीच्या लग्नात हात अगदी सैल सोडला होता. शूटिंगला दोन कॅमेरे, मानकऱ्यांना भरजरी फेटे, माइकवर बोलायला खास माणूस. तो एकेक नाव पुकारायचा, मानकरी स्टेजवर जायचा आणि ज्ञानदेव स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर फेटा चढवायचा. ज्याला त्याला फेटा मिळाला. संपतरावांना, म्हणजे घरच्या थोरल्या जावयाला, मिळाली टॉवेल-टोपी, सरसकट पाहुण्यांना वाटतात ती. तीही कुठल्याशा पोरानं चालता चालता हातात कोंबली. संपतरावांनी ती टॉवेल-टोपी मांडवाच्या खांबाला लटकावली, टेम्पो काढला आणि तडक घर गाठलं. बायकोला मांडवातच विसरले, हे त्यांना घरी चहा मागितल्यावर कळलं.

त्या दिवसापासून संपतराव म्हणायचे, "माझं नावच पुकारलं न्हाई." ज्ञानदेव म्हणायचा, "घसा बसंस्तोवर पुकारलं. दाजी मुद्दाम आले न्हाईत. भर मांडवात माझं नाक कापलं." मधल्यामध्ये शकू. माहेरी गेली की नवऱ्याची बाजू घ्यायची, घरी आली की भावाची, आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. भाऊबीजेला जाताना शेजारीण विचारायची, "एकट्याच?" शकू म्हणायची, "ह्यांचे गुडघे दुखतात." संपतराव तेव्हा खाली पार्किंगमध्ये कुणाच्या तरी मोटारीमागं तरातरा चाललेले असायचे.

आणि आता ज्ञानदेवाच्या रविराजचं लग्न निघालं. भावजयीचा, मुक्ताईचा, फोन आला, "वन्सं, हळदीला आत्या जोडीनं लागती. एकट्या नगा येऊ. माझ्या रवीच्या हळदीला तरी नगा." शकूनं फोन ठेवला आणि कांदा चिरायला घेतला, म्हणजे रडायला निमित्त झालं. ज्या भाच्याला मांडीवर खेळवलं, त्याच्या लग्नात आपण कोपऱ्यात एकटं उभं राहायचं, हे तिला सहन होईना. संध्याकाळी तिनं संपतरावांपुढं विषय काढला. संपतरावांनी टीव्हीवरची नजर न काढता निकाल दिला.

"तुझ्या भावानं वाटलेली ती लग्नाची सीडी हाय ना कपाटात? तिच्यात माझं नाव पुकारल्यालं दाखव. दाखवलंस तर येतो. नाचतोसुद्धा. न्हाई दाखवलंस तर ह्या घरात परत विषय न्हाई."

एवढं बोलून ते मिशीत हसले. कारण उघड होतं. घरातला जुना डीव्हीडी प्लेयर गेल्या दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी स्वतःच्या हातानं भंगारवाल्याला दिला होता.

पण बाई शकू होती. तिनं पातळांच्या घड्यांखालून डिस्का काढल्या. दोन होत्या, एक हळदीची, एक लग्नाची. वर बदामाच्या आकारात शेफाली आणि तिच्या नवऱ्याचा फोटो. संपतरावांनी त्या आजवर कधी लावूच दिल्या नव्हत्या, आणि ज्ञानदेवाकडची प्रत शेफालीबरोबर कधीच परदेशी गेली होती. सून निकिता म्हणाली, "आई, मला द्या ना. ऑफिसमध्ये एकाकडे ड्राइव्ह आहे, मी पेनड्राइव्हवर कन्व्हर्ट करून आणते. पाच मिनिटांचं काम आहे."

"आन् तुझ्या हिंजवडीतल्या लोकांनी आमच्या घरची भांडणं बघायची व्हय? काही नको."

दुसऱ्या दिवशी हळदीची डिस्क आणि डिंकाच्या लाडवांचा डबा पिशवीत घालून शकू बसनं तापकीर गल्लीत उतरली. विजेच्या सामानाची ही गल्ली, इथं मिळत नाही ते कुठंच मिळत नाही अशी तिची ख्याती. पण डीव्हीडीचं नाव काढलं की दुकानदार शकूकडे असे बघत, जणू बाई रॉकेलचा स्टोव्ह मागतायत. शेवटी एका बोळातल्या अंधाऱ्या दुकानात साईनाथ नावाचे एक गृहस्थ पेपर वाचत बसलेले सापडले.

"डीव्हीडी प्लेयर आहे का?"

"होते."

"मग गेले कुठं?"

"लोकांना अक्कल आली, प्लेयर गेले."

"अक्कल आलेले लोक तुमच्या दुकानात कशाला येतील? म्हणून मी आले. दाखवा काय असंल ते."

साईनाथांनी पेपर खाली ठेवला. असं गिऱ्हाईक त्यांना पुष्कळ दिवसांनी भेटलं असावं. त्यांनी माळ्यावरून तीन यंत्रं काढली, फुंकर मारून धूळ शकूच्या बाजूला उडवली आणि मांडली. पहिलं होतं डब्याएवढं, झाकणात इवलासा पडदा. "प्रवासात बघायला," साईनाथ म्हणाले. "आमच्या ह्यांना चष्मा लावूनसुद्धा बस नंबर दिसत न्हाई," शकू म्हणाली. ते बाजूला गेलं. दुसरं होतं सपाट, हलकं, नवंकोरं. तिसरं दणकट, काळं, जड, पुढं बटणांची रांग.

शकूनं पिशवीतून हळदीची डिस्क काढली. "आधी ही लावून दाखवा. नारळ वाजवून घेत्यात तसं मशीन चालवून घ्यावं."

"बरोबर बोललात. बहुतेक लोक पिक्चरची छापील डिस्क लावून बघतात, आणि घरी जाऊन लग्नाची लावली की बोंब मारत येतात. लग्नाची डिस्क शूटिंगवाल्यानं घरी कंप्युटरवर भाजलेली, म्हणजे भरलेली असते, ती प्रत्येक मशीनला पचत नाही."

तसंच झालं. नव्याकोऱ्यानं डिस्क गिळली, घरघर केली आणि 'नो डिस्क' म्हणून हात वर केले. काळ्या दणकटानं मात्र जरा विचार केला आणि पडद्यावर शेफाली आली, गालभर हळद, तोंडभर हसू. शकू तिथंच पाघळली.

"हा नुसता प्लेयर नाही," साईनाथ म्हणाले, "रेकॉर्डर आहे. प्लेयर नुसतं दाखवतो. हा टीव्हीवरचं भरून घेतो, डिस्कवरचं पोटात घेतो, आणि पोटातलं हवं तेवढं ठेवून, नको ते कापून कोऱ्या डिस्कवर लिहितो."

"नको ते कापून?" शकूनं मान वर केली.

"हो. फक्त शेवटी डिस्क फायनलाइज करायची. ते केलं नाही तर ती दुसऱ्या कुठल्याच मशीनवर चालणार नाही."

"म्हंजे बरणी भरली की तोंडाला फडकं बांधायचं."

साईनाथांनी पहिल्यांदाच तिच्याकडे आदरानं पाहिलं. "अगदी. आणि एक महत्त्वाचं, आजी. कोऱ्या डिस्कवर घेतलं तरी मूळचं सगळं मशीनच्या पोटात तसंच—"

"ते राहू द्या. हे घ्या," शकूनं डबा उघडला. "घरचे हायेत. डिंकाचे."

"नको, मला शुगर आहे. तर मशीनच्या पोटात तसंच राहतं, ते वेगळं पु—"

"अहो, एकानं काय होतंय? माझी शपथ हाय!"

साईनाथांच्या तोंडात लाडू गेला आणि वाक्य पोटात गेलं. आजवर तापकीर गल्लीत गिऱ्हाइकानं दुकानदाराचं तोंड बंद केल्याची दुसरी नोंद नाही. शकूनं काळं मशीन, कोऱ्या डिस्का आणि वायरी घेतल्या, घासाघीस केली, आणखी एक लाडू ठेवला आणि निघाली.

घरी मशीन बघून संपतरावांचा चेहरा पडला. निकिता म्हणाली, "आई, सीरियसली? हे म्युझियममधून उचललं का?" पण पोरगी गुणाची. टीव्हीच्या पाठीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची भोकंच नव्हती, तर तिनं कुठूनशी एक डबी मागवली, मधे जोडली आणि सासूला रिमोटचं सगळं शास्त्र शिकवलं. पहिले काही दिवस शकूनं नुसता सराव केला. दुपारची मालिका भरायची आणि जाहिराती कापायच्या. भांडी घासायच्या पावडरीची बाई तोंड उघडायच्या आत शकू तिला उडवायची. एवढी सत्ता तिला आयुष्यात कधी मिळाली नव्हती. संपतरावांनीही चोरून कुस्त्या भरायला सुरुवात केली, निकिताकडून यादी उघडायला शिकले, आणि शकूनं लग्नाच्या डिस्कचं नाव काढलं की म्हणायचे, "आज नको, आज निकाली कुस्ती हाय."

एके दुपारी संपतराव बाकावर गेले, निकिता ऑफिसला, आणि शकूनं ठरवलं की आधी आपण एकटीनं बघून घ्यावं. नाव पुकारलेलं नसेलच तर निदान कळेल तरी. तिनं दुसरी डिस्क मशीनच्या पोटात उतरवली आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

अक्षता झाल्या. सत्कार सुरू झाला. ज्ञानदेव स्टेजवर, हातात केशरी फेटा, आणि माइकवाल्याचा खणखणीत आवाज, "वधूच्या आत्याचे यजमान, कर्वेनगरचे श्रीमान संपतराव, असतील तिथून स्टेजकडे यावे!"

"पुकारलं!" शकू खुर्चीतून उठलीच. "पुकारलं की गं बाई! माझा भाऊ खोटा न्हाई!"

तेवढ्यात चित्र बदललं. शूटिंगवाल्यानं दोन्ही कॅमेऱ्यांचं शूटिंग आलटून पालटून जोडलं होतं, घटकाभर स्टेज, घटकाभर पंगत. आता पंगत आली. मागं कर्ण्यावर तीच हाक ऐकू येत होती, आणि पुढं पत्रावळीपाशी बसलेले संपतराव, काळ्याभोर मिशीचे, हातात जिलबी. त्यांनी कान टवकारला. जिलबी खाली ठेवली. एक हात जमिनीला टेकून ते उठायला लागले. आणि वरून एक हिरव्या चुड्याचा हात आला, त्यानं त्यांचा खांदा धरला आणि मटकन खाली बसवलं.

कॅमेरा हळूच वर गेला. आंबा रंगाचा शालू, हलणारी नथ, काखेत जिलबीचं ताट. शकू.

"बसा गुमान! भरल्या ताटावरून उठत्यात व्हय?"

"अगं, माझं नाव घेतायत—"

"घेऊ द्या. कुठं पळत न्हाई स्टेज. ही एक घ्या. माझी शपथ हाय."

दुसरी हाक झाली. ती स्टेजवर दिसली; पंगत परत आली तेव्हा संपतराव पुन्हा उठत होते. हिरवा चुडा पुन्हा आला. "आधी ताक प्या." तिसऱ्या हाकेला पुन्हा स्टेज आलं, आणि पंगत दिसली तेव्हा संपतराव ताक पीत होते. मग स्टेज दिसलं. ज्ञानदेव टाचा उंचावून मांडवभर बघत होता. माइकवाल्यानं पुढचं नाव घेतलं. ज्ञानदेवानं केशरी फेटा त्या पुढच्याला दिला नाही. दुसरा मागवला, आणि हा घडी करून मुक्ताईकडं सोपवला.

शकूनं चित्र थांबवलं. तिला आधी लाज वाटली, मग शूटिंगवाल्याचा राग आला, मग एकटीच हसत सुटली, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. हे सगळं तिला आठवतच नव्हतं. आठवणार कसं? त्या दिवशी तिनं शंभर जणांना शपथ घातली होती, त्यातला हा एक. आणि संपतरावांनी "पुकारलं न्हाई, पुकारलं न्हाई" इतकी वर्षं घोकलं होतं, की त्यांनाही तेच खरं वाटायला लागलेलं. भाऊ खरा, नवराही वाईट नाही, आणि आग लावणारी आपणच! मग तिला भीती वाटली. हे बाहेर आलं तर दाजी-मेहुणे एक होतील खरे, पण दोघं मिळून आपल्यालाच धरतील. भावकी जन्मभर चिडवेल. जिलबीचं ताट हातातून जाईल ते जाईलच.

तिचं लक्ष रिमोटकडं गेलं. निकितानं जाहिराती कापायला शिकवलंच होतं. ही पंगत म्हणजे तरी काय, मधे घुसलेली जाहिरातच की! शकूनं पदर खोचला आणि कामाला लागली. स्टेज ठेवलं, पंगत उडवली. स्टेज ठेवलं, पंगत उडवली. कोऱ्या डिस्कवर घेतलं, तोंडाला फडकं बांधलं, म्हणजे फायनलाइज केलं. नवी डिस्क बदामाच्या वेष्टनात घातली आणि जुनी तांदळाच्या डब्यात तळाशी पुरली. चोर घरात राहतो तेव्हा कुलूप कुणाला लावणार!

त्या संध्याकाळी तिनं दरबार भरवला. संपतराव पडद्यासमोर बसले ते हाताची घडी घालून, जिंकल्यासारखे. पहिली हाक झाली तशी घडी सुटली. दुसरीला ते पुढं सरकले. तिसऱ्या हाकेनंतर ज्ञानदेव फेटा घेऊन टाचा उंचावू लागला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"वाट बघत होता की गं माझी," ते हळू आवाजात म्हणाले. "दुसऱ्याला दिला न्हाई फेटा."

"तेच तर सांगत होते इतकी वर्षं."

"मग मी कुठं होतो?"

"आता मला काय ठाऊक? असाल कुठं गाड्या मोजत."

"पण हे स्टेज संपतंय आन् लगेच स्टेज लागतंय. मधे काहीच न्हाई? पंगत न्हाई, वरात न्हाई?"

"शूटिंगवाल्यानं कापलं असंल. मेला आळशी."

निकिताला ठसका लागला. शकूनं तिला पाणी नेऊन दिलं आणि नुसती डोळ्यांनीच दटावली. संपतराव म्हणाले, "बघू, विचार करतो," आणि जाऊन झोपले.

दोन दिवस ते मशीनवर नुसत्या कुस्त्या लावून बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपणहून फोन उचलला. शकू स्वयंपाकघरात, पण कान दारात.

"ज्ञानबा? मी. संपत."

पलीकडं टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग, "बोला दाजी."

"जेवलास का?"

सकाळचे नऊ वाजले होते. ज्ञानदेव म्हणाला, "जेवलो. तुम्ही?"

"मीबी जेवलो." संपतरावांनी घसा खाकरला. "हे बघ ज्ञानबा. चूक माझी. तू पुकारत होतास, मी ऐकलं होतं. पंगतीत जिलबी खात बसलो आन् उठलो न्हाई. तुझा अपमान झाला. मनात ठेवू नको."

शकूच्या हातून लाटणं निसटलं. जिलबी ह्यांना कशी आठवली? आता पुढचं वाक्य आपल्या नावाचं, म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. पण पुढचं वाक्य आलं ते हळद किती वाजता आहे याचं. तिनं देवापुढं साखर ठेवली आणि स्वतःशी म्हणाली, सुटलीस गं शके! त्या दिवशी संपतरावांना दोन वाट्या शिरा मिळाला, न मागता.

रविराजच्या हळदीला शकू जोडीनं गेली. गाडीतून उतरताना तिनं पदर नीट केला, नवऱ्याच्या सदऱ्याची पाठीवरची सुरकुती ओढून सरळ केली आणि पाहुण्यारावळ्यांकडं एकदा सावकाश बघून घेतलं. ज्ञानदेव दारात उभा होता. त्याच्या हातात तो केशरी फेटा होता, घडीवर रंग उडालेला, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा.

"तुमचाच हाय," तो म्हणाला. "ठेवला होता."

संपतरावांनी नुसती मान खाली केली. ज्ञानदेवानं तिथंच, दारात, फेटा बांधायला घेतला. बांधताना दोघांचे डोळे भरले आणि दोघांनीही फेट्याच्या वासाला नावं ठेवली. शकू मात्र सगळ्यांदेखत रडली. तिला कशाचा वास येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. पहिलीच पंगत बसली आणि तीत संपतराव होते, कारण भूक त्यांना कधीच आवरत नाही. डोक्यावर तोच जुना फेटा. शकू जिलबीचं ताट काखेत मारून निघाली. एक पैलवान हात आडवा धरून गयावया करत होता, त्याच्या बोटांतून तिनं दोन सोडल्या आणि नवऱ्यापाशी आली. "एक घ्याच," ती म्हणाली, आणि तेवढ्यात कर्णा वाजला.

"नवरदेवाच्या आत्याबाई आणि त्यांचे यजमान संपतराव, असतील तिथून जोडीनं स्टेजकडे यावे!"

संपतराव जागचे हलले नाहीत. हातातली जिलबी तशीच धरून त्यांनी वर बघितलं.

"काय करू? उठू? का धरतीस खांदा?"

शकूच्या काखेतलं ताट कलंडलं. "म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे. मशीनमधी कुस्ती शोधायला गेलो तर यादीत तू सापडलीस. सगळी पंगत हाय त्याच्या पोटात, तशीच्या तशी. आंबा रंगाचा शालू. 'आधी ताक प्या.'"

साईनाथ लाडवाआडून काय सांगत होते, ते शकूला आत्ता ऐकू आलं. "कधी बघितलं?" तिनं कसंबसं विचारलं.

"ज्ञानबाला फोन केला त्याच्या आदल्या दिवशी."

म्हणजे चूक माझी म्हणाले, तेव्हा ह्यांना सगळं माहीत होतं. शकूनं कलंडलेलं ताट सावरलं. "मग फोनवर माझं नाव का न्हाई घेतलं?"

"बारा वर्षं दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्यास तू," संपतराव म्हणाले. "त्यात आन् मी कशाला आग्रह करू?"

कर्ण्यावर दुसरी हाक झाली. शकूनं जिलबीचं ताट खाली ठेवलं. पंगतीतले सगळे बघत राहिले, कारण पंगत चालू असताना तिनं ताट खाली ठेवलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"उठा," ती म्हणाली.

"अगं, दोन जिलब्या हायेत अजून पानात. ताक राहिलंय."

"राहू द्या. उठा म्हणते ना! माझी शपथ हाय तुम्हाला."

संपतराव गुडघ्यावर हात ठेवून उठले. पाकानं चिकट झालेला त्यांचा हात शकूनं घट्ट धरला आणि दोघं भरल्या पानाशेजारून स्टेजकडं निघाली. समोर शूटिंगवाला कॅमेरा रोखून उलटा उलटा चालत होता. शकूनं त्याला बोट दाखवून दम भरला, "ए बाबा, एवढं मात्र कापू नको हं."